तीन रात्री, सात गाणी : डीप पर्पलचे ‘मेड इन जपान’

‘मेड इन जपान’ माझ्या हाती पहिल्यांदा आले ते ६० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून घेतलेले. मूळ अल्बम दोन लाँगप्ले तबकड्यांचा आणि सुमारे ७६ मिनिटांचा असल्यामुळे भरून देणाऱ्याने दोन्ही बाजूंना फीत जिथे संपली तिथेच गाणे तोडले होते. पहिल्या बाजूला ‘द म्यूल’ सुरू होऊन साडेतीन मिनिटे होतात न होतात तोच खट्कन आवाज येऊन कॅसेट थांबत असे, आणि दुसऱ्या बाजूला ‘स्पेस ट्रकिन’ जेमतेम निम्म्यावर पोहोचलेले असताना. कित्येक वर्षे मी हा अल्बम असाच, दोन जागी कापलेला, ऐकत आलो आणि तरीही डीप पर्पल या इंग्रज रॉक बँडच्या स्टुडिओतल्या कोणत्याही अल्बमपेक्षा तोच अधिक ऐकला. पुढे पूर्ण तबकड्या मिळाल्या, मग सीडी आल्या, तिन्ही रात्रींचे ध्वनिमुद्रण असलेली पेटी आली, आणि २०२५ मध्ये नव्याने मिश्रण केलेली, म्हणजे सुट्या मुद्रित वाद्यांचे आणि गळ्याचे प्रमाण पुन्हा ठरवून एकत्र केलेली, आवृत्तीही आली. ज्याला हा अल्बम आज विकत घ्यायचा आहे त्याने यांपैकी काय घ्यावे आणि त्यात काय ऐकावे, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. डीप पर्पलची गाणी बांधली गेली स्टुडिओत, पण ती पुरी झाली मंचावर, आणि त्यांची ती पुरी झालेली अवस्था १९७२ च्या ऑगस्टमधल्या त्या तीन रात्रींइतकी स्वच्छ दुसरीकडे कुठेही पकडली गेलेली नाही.

बँडचा तो भरभराटीचा काळ होता. १९६८ मध्ये इंग्लंडमधल्या हर्टफर्ड येथे सुरू झालेल्या या बँडची रचना पुढे अनेकदा बदलली, परंतु रसिक ज्याला आजही आदराने ‘मार्क टू’ म्हणतात तो संच म्हणजे गायक इयन गिलन, गिटारवादक रिची ब्लॅकमोर, ऑर्गनवादक जॉन लॉर्ड, बेस गिटार वाजवणारा रॉजर ग्लोव्हर आणि ड्रम्सवर इयन पेस. या पाच जणांनी १९७१ च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो या गावी जाऊन ‘मशीन हेड’ हा अल्बम मुद्रित केला. ज्या कॅसिनोमध्ये ते मुद्रण व्हायचे होते तो ४ डिसेंबरला अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाच्या कार्यक्रमाच्या वेळी प्रेक्षकांतल्या कोणी तरी उडवलेल्या फ्लेअरमुळे (जळत्या प्रकाशबाणामुळे) जळून खाक झाला, आणि सरोवरावर पसरलेल्या त्या धुरावरूनच ‘स्मोक ऑन द वॉटर’ हे गाणे जन्मले, ही कथा रॉक संगीताच्या श्रोत्यांना तोंडपाठ आहे. शेवटी थंडीमुळे बंद असलेल्या एका हॉटेलात, बाहेर उभ्या असलेल्या फिरत्या स्टुडिओला तारा जोडून ते काम पुरे झाले. ‘मशीन हेड’ मार्च १९७२ मध्ये बाजारात आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. ‘मेड इन जपान’मधल्या सातांपैकी चार गाणी याच अल्बममधली आहेत, म्हणजे जपानमधल्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती स्टुडिओत मुद्रित होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ‘चाइल्ड इन टाइम’ १९७० च्या ‘इन रॉक’मधले, ‘द म्यूल’ १९७१ च्या ‘फायरबॉल’मधले आणि ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’ १९७१ मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याच्या छोट्या तबकडीवर, स्वतंत्रपणे आलेले.

विशेष म्हणजे लाइव्ह अल्बम काढण्याची या पाचांची मुळीच इच्छा नव्हती. मंचावर जे घडते ते तबकडीवर उतरत नाही अशी त्यांची धारणा होती, आणि त्यांच्या कार्यक्रमांची चोरून केलेली मुद्रणे बाजारात खपत असूनही ते राजी नव्हते. जपानमधल्या रेकॉर्ड कंपनीने आग्रह धरला, तेव्हा त्यांनी अटी घातल्या. मुद्रण करायला आपलाच ध्वनितंत्रज्ञ मार्टिन बर्च येईल, यंत्रसामग्री आपल्या पसंतीने ठरेल, आणि फिती ऐकल्यावर पटले नाही तर अल्बम निघणार नाही. झाला तरी तो फक्त जपानमध्ये विकला जावा, असा मूळ बेत होता. खर्च किती, तर सुमारे ३,००० डॉलर. हाताशी असलेले यंत्र आठ ट्रॅकचे, म्हणजे ड्रम्स, बेस, गिटार, ऑर्गन, गळा आणि श्रोते या सगळ्यांनी मिळून आठ पट्ट्यांत मावायचे. आजच्या घरगुती संगणकावरही याहून कितीतरी पट अधिक सोय असते. पण याच तुटपुंज्या सामग्रीमुळे बर्चला प्रत्येक वाद्याची जागा आधीच ठरवावी लागली, आणि ती त्याने इतक्या अचूकपणे ठरवली की पन्नास वर्षांनंतरही डोळे मिटून ऐकताना मंचाचा नकाशा समोर उभा राहतो. एका बाजूला ब्लॅकमोरची गिटार, दुसऱ्या बाजूला लॉर्डचा ऑर्गन, मध्ये गिलनचा गळा आणि त्याच्या पाठीमागे पेस व ग्लोव्हर.

कार्यक्रम तीन झाले. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकाच्या फेस्टिव्हल हॉलमध्ये, आणि १७ ऑगस्टला तोक्योच्या बुदोकानमध्ये. फेस्टिव्हल हॉल हे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफलींसाठी नावाजलेले, सुमारे २,७०० आसनांचे सभागृह. बुदोकान हे १९६४ च्या ऑलिम्पिकमधल्या जुदो स्पर्धांसाठी बांधलेले प्रचंड क्रीडागृह. या दोन वास्तूंमधला फरक अल्बमवर ऐकू येतो आणि तो लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. ओसाकातले मुद्रण कोरडे, जवळचे आणि टोकदार आहे, तर तोक्योत मुद्रित झालेली ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ ही दोन गाणी अधिक पसरट, अधिक घुमणारी वाटतात. उरलेल्यांपैकी चार गाणी दुसऱ्या रात्रीची आहेत. पहिल्या रात्रीचा कार्यक्रम बँडला स्वतःलाच सर्वांत कमकुवत वाटला होता, आणि तिच्यातून घेतलेले एकमेव गाणे म्हणजे ‘स्मोक ऑन द वॉटर’, कारण सुरुवातीची ती जगप्रसिद्ध सुरावट ब्लॅकमोरने मूळ अल्बमप्रमाणे वाजवली ती त्याच रात्री. पुढच्या दोन्ही रात्री तो तिच्याशी खेळत बसला.

फिती इंग्लंडला परत आल्यावर मिश्रणाचे काम ग्लोव्हर आणि पेस यांनी पाहिले. गिलन आणि ब्लॅकमोर तिकडे फिरकलेही नाहीत. गिलनला जपानमधला आपला गळा पसंत नव्हता. त्या काळी आणि नंतरही कितीतरी लाइव्ह अल्बम स्टुडिओत नेऊन बेसुर जागा पुन्हा गाऊन, चुकलेले सूर पुन्हा वाजवून दुरुस्त केले जात. इथे तसे करण्याइतका रस कोणाला नव्हता, वेळही नव्हता. मला वाटते या अल्बमचे सारे बळ या अनास्थेत आहे. जे घडले ते तसेच राहिले, आणि जे घडले होते ते विलक्षण होते.

अल्बम सुरू होतो तो गाण्याने नाही. आधी टाळ्या येतात, पेस स्नेअर ड्रम चाचपून पाहतो, ऑर्गनची गुरगुर सुरू होते, गिटार कुठे तरी लागते. साथीदार बैठकीवर स्थिरावत असावेत तसे हे काही क्षण जातात आणि मग ‘हायवे स्टार’चा ठेका एकदम आवळला जातो. हे गाणे बँडच्या बसमध्ये, गाणी कशी सुचतात असे एका पत्रकाराने विचारल्यावर तिथल्या तिथे रचायला घेतले गेले, अशी त्याची हकिकत आहे. ब्लॅकमोरच्या एकल वादनातला चढत-उतरत जाणारा तो भाग, ज्यात जर्मन संगीतकार बाखच्या संगीताची छाया स्पष्ट आहे, तो स्टुडिओतल्या मुद्रणात दोन गिटारींनी मिळून वाजवलेला आहे. इथे एकाच गिटारीवर, एकाच दमात तो ऐकताना लक्षात येते की त्या दुसऱ्या गिटारीची गरज नव्हती. तिची जागा पेसच्या ड्रम्सनी भरून काढली आहे. ज्यांनी पेसला कधी ऐकले नाही त्यांनी या गाण्यात फक्त त्याच्याकडे लक्ष द्यावे. तो रॉकचे ड्रम वाजवतो आहे, पण त्याचा हात जॅझमध्ये तयार झालेल्यासारखा हलका आहे, आणि वेग कितीही वाढला तरी प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो.

त्यानंतरचे ‘चाइल्ड इन टाइम’ सव्वाबारा मिनिटांचे आहे आणि माझ्या दृष्टीने अल्बमचा कळस तेच आहे. या गाण्याच्या सुरुवातीला ऑर्गनवर येणारी संथ सुरावट डीप पर्पलची स्वतःची नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडने १९६९ मध्ये ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाची एक शब्दविरहित रचना काढली होती, ज्यात मुख्य सुरावट व्हायोलिनवर आहे आणि लय बरीच चपळ. लॉर्ड ती ऑर्गनवर सहज वाजवत असताना लय उतरली, आणि त्या संथपणात गिलनला शीतयुद्धाच्या सावटातल्या माणसावरचे शब्द सुचले. आपल्या शहराचे नाव असलेली एक चाल अमेरिकेतून इंग्लंडमार्गे ओसाकाला पोहोचली आणि तिथे तिचे सोने झाले, याचे मुंबईकर श्रोत्याला अप्रूप वाटले तर ते स्वाभाविकच आहे. (त्या अमेरिकन बँडनेही पुढे डीप पर्पलची एक सुरावट आपल्या रचनेत घेतली, म्हणजे हिशेब चुकता झाला.)

ओसाकातल्या मुद्रणात या गाण्याची बांधणी नीट पाहावी. गिलन पहिले कडवे जवळपास कुजबुजल्यासारखे म्हणतो. मग शब्द संपतात आणि फक्त स्वर उरतो. तो आकारात वर चढत जातो, प्रत्येक आवर्तनाला एक पायरी वर, आणि शेवटच्या पायरीवर त्याचा आवाज गळ्यातून न येता थेट डोक्यातून सुटल्यासारखा वाटतो. आपला गळा त्या दिवसांत ठीक नव्हता असे म्हणणारा गायक हे गातो आहे, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर अख्खा बँड लय दुप्पट करतो, लॉर्ड आणि ब्लॅकमोर आपापली वादने करतात, आणि एका टोकाला पोहोचल्यावर सारे एकदम थांबते. त्या थांबण्यात सभागृहाचा आवाज ऐका. जपानी श्रोते गाणे चालू असताना शिस्तीने शांत बसतात, ही गोष्ट त्या काळच्या पाश्चात्त्य बँडना बुचकळ्यात टाकत असे. पण ध्वनिमुद्रणासाठी ती शांतता वरदान ठरली. हलक्या वाजवलेल्या ऑर्गनचा एकेक सूर त्यांच्या श्वासांवरून चालत गेल्यासारखा पुढे सरकतो, आणि पहिले कडवे पुन्हा येते तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असतो.

लॉर्डच्या ऑर्गनबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण अनेक श्रोते त्याचा आवाज गिटार समजतात. हॅमंड ऑर्गन साधारणतः फिरत्या भोंग्याच्या लेस्ली स्पीकरमधून वाजवला जातो आणि त्यातून चर्चमधला किंवा जॅझमधला तो गोल, थरथरता आवाज येतो. लॉर्डने आपला हॅमंड गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अॅम्प्लिफायरला जोडला. त्यामुळे ऑर्गनला एक खरखरीत धार आली, आणि गिटारीच्या पाठीमागे स्वर धरून बसण्याऐवजी तो तिच्या बरोबरीने भांडू लागला. याच बँडचे कार्यक्रम ११७ डेसिबलपर्यंत पोहोचल्याची नोंद गिनेसच्या पुस्तकाने केली होती, पण या अल्बमवर जे जाणवते ते मोठेपणापेक्षा दोन वाद्यांमधले सामर्थ्याचे संतुलन. ‘लेझी’च्या सुरुवातीला लॉर्ड एकटाच आहे, आणि पहिल्या काही स्वरांत त्याने त्या यंत्रातून जो गुरगुराट काढला आहे तो ऐकून ऑर्गन हे देवळातले वाद्य आहे असे कोणीही पुन्हा म्हणणार नाही.

‘स्मोक ऑन द वॉटर’बद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. गिटार शिकणारे प्रत्येक पोर पहिल्या आठवड्यात ती सुरावट वाजवते, आणि तरीही येथे ती नव्याने ऐकावीशी वाटते, कारण तिच्यात एकेक वाद्य येऊन मिळत जाते त्या क्षणांना इथे स्टुडिओपेक्षा अधिक वजन आहे.

‘स्ट्रेंज काइंड ऑफ वूमन’ मात्र निवांत ऐकण्याची गोष्ट आहे. मूळ गाणे साधे, ब्लूजच्या वळणाचे, चार मिनिटांच्या आसपासचे. मंचावर ते जवळपास दहा मिनिटांचे होते, आणि वाढलेला सगळा भाग म्हणजे गिलन आणि ब्लॅकमोर यांच्यातला सवाल-जवाब. तमाशाच्या बोर्डावर किंवा तबला-सतारीच्या जुगलबंदीत आपण जे ऐकतो त्याच जातीचा हा प्रकार आहे. गिटारीने एक छोटी फिरत घ्यायची, गळ्याने ती जशीच्या तशी परत द्यायची. सुरुवातीला वाक्ये सोपी असतात. ब्लॅकमोर मग एक वाकडा स्वर घालतो, गिलन तो उचलतो; ब्लॅकमोर तार ओढून स्वर वर नेतो, गिलन मागोमाग तितकाच वर; आणि अखेरीस गिटार जिथे थांबते तिथे न थांबता गिलन एक लांबच लांब किंकाळी घेतो, जी संपेल असे वाटत असताना आणखी वर जाते. श्रोत्यांची शिस्त मोडते ती इथे. ज्या दोन माणसांचे त्या दिवसांत एकमेकांशी जमत नव्हते, ज्यांच्यातल्या बेबनावामुळे पुढे वर्षभरात हा संच फुटला, त्यांनी मंचावर एकमेकांचे इतके बारकाईने ऐकावे, ही गोष्ट मला दर वेळी थक्क करते.

उणिवाही सांगायला हव्यात. ‘द म्यूल’ हे नावापुरते गाणे आहे; साडेनऊ मिनिटांतला बहुतेक भाग पेसच्या एकल ड्रमवादनाचा आहे. माझ्या कॅसेटने मला अनेक वर्षे त्यापासून दूर ठेवले होते, आणि पूर्ण ऐकायला मिळाल्यावर पेसच्या हाताचे कौतुक वाटले तरी, पुढच्या खेपांना तबकडीची ही बाजू मी ‘स्मोक ऑन द वॉटर’पाशीच थांबवत आलो आहे. मंचावर डोळ्यांनी पाहताना जो ड्रम सोलो खिळवून ठेवतो, तो नुसत्या कानांना तेवढा पुरत नाही. ‘स्पेस ट्रकिन’ची गोष्ट वेगळी आहे. साडेचार मिनिटांचे हे गाणे इथे चौथी बाजू पूर्ण व्यापून वीस मिनिटांना भिडते, कारण गाणे संपल्यावर बँड आपल्या जुन्या ‘मँड्रेक रूट’मधल्या वादनाच्या मोकळ्या भागात शिरतो. त्यात लॉर्ड ऑर्गनला रिंग मॉड्युलेटर हे स्वर विचित्र करून सोडणारे विद्युत उपकरण जोडून जे आवाज काढतो ते काही ठिकाणी भान हरपवणारे आहेत आणि काही ठिकाणी निव्वळ गोंगाट. पण मधल्या पाच-सहा मिनिटांत, जेव्हा ब्लॅकमोर आवाज अगदी खाली आणून एकेक स्वर टिपतो, तेव्हा बँडला पुढे कुठे जायचे हे ठाऊक नाही आणि तरी तो एकत्र चालतो आहे, असे जे दुर्मीळ दृश्य कानांना दिसते ते मिळवण्यासाठी बाकीचा गोंगाट सोसायला माझी हरकत नाही.

जपानमध्ये हा अल्बम ‘लाइव्ह इन जपान’ या नावाने आणि वेगळ्या वेष्टनात आला. फिती ऐकल्यावर इतरत्रही तो काढायचे ठरले आणि १९७२ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये तो ‘मेड इन जपान’ म्हणून निघाला. ग्लोव्हरने आखलेल्या सोनेरी-केशरी वेष्टनावरचे छायाचित्र जपानमधले नसून लंडनमधल्या एका कार्यक्रमातले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत तो एप्रिल १९७३ मध्ये आला आणि सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. त्याच वर्षी ‘स्मोक ऑन द वॉटर’ अमेरिकेत सिंगल म्हणून निघाले, एका बाजूला स्टुडिओतले आणि दुसऱ्या बाजूला ओसाकातले, आणि ते चौथ्या क्रमांकावर गेले. या यशाच्या ऐन भरात, २९ जून १९७३ रोजी, गिलन आणि ग्लोव्हर यांनी बँडबरोबरचा आपला शेवटचा कार्यक्रम केला. गाव तेच, ओसाका. या पाच जणांना पुन्हा एकत्र यायला १९८४ साल उजाडावे लागले.

या बँडची लाइव्ह मुद्रणे इतकी आहेत की नवख्याने गोंधळून जावे. ‘मेड इन जपान’च्या आधीचे महत्त्वाचे म्हणजे ‘कन्चेर्तो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’, २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रासोबत, माल्कम अर्नल्ड यांच्या संचालनाखाली झालेले. लॉर्डने लिहिलेल्या या रचनेची स्वरलिपी पुढे हरवली, आणि मार्को दे खुई या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून ती नव्याने लिहून काढली, तेव्हा कुठे १९९९ मध्ये त्याच सभागृहात तिचा पुन्हा प्रयोग होऊ शकला. माणसाने नुसत्या कानांच्या बळावर अख्ख्या वाद्यवृंदाचे लेखन परत मिळवावे, याबद्दल त्याच्यापुढे नतमस्तक व्हावेसे वाटते. संगीत म्हणून मात्र त्यात बँड आणि ऑर्केस्ट्रा आलटून पालटून बोलतात, एकत्र कमी. १९७६ चे ‘मेड इन युरोप’ गिलन आणि ग्लोव्हर यांच्या जागी आलेल्या डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज यांच्या काळातले, ब्लॅकमोरच्या सोडून जाण्याआधीच्या शेवटच्या कार्यक्रमांतले. ते दमदार आहे, पण सगळे आधीपासून घट्ट बसवलेले वाटते. डिसेंबर १९७५ मधल्या बुदोकानच्या कार्यक्रमावरून काढलेले ‘लास्ट कन्सर्ट इन जपान’ घेऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. नवा गिटारवादक टॉमी बोलिन याचा हात त्या रात्री धड चालत नव्हता आणि ते ऐकताना फक्त वाईट वाटते.

मराठी श्रोत्यांसाठी आणखी एक मुद्रण आवर्जून सांगण्यासारखे आहे. १९९५ च्या एप्रिलमध्ये बँड मुंबईत आला तेव्हाचा कार्यक्रम ‘बॉम्बे कॉलिंग’ या नावाने प्रथम चित्रफितीच्या रूपात आला आणि २०२२ मध्ये अल्बम म्हणून रीतसर निघाला. ब्लॅकमोर तेव्हा बँडमध्ये नव्हता, गिटारवादक स्टीव्ह मोर्स जेमतेम पाच महिन्यांपूर्वी आला होता. ध्वनीची गुणवत्ता ‘मेड इन जपान’च्या जवळपासही नाही. पण नव्या वादकाबरोबर जुनी गाणी पुन्हा चाचपून पाहणारा बँड त्यात ऐकू येतो.

आता आवृत्त्यांकडे वळतो. १९७२ च्या मूळ दोन तबकड्या चांगल्या स्थितीत मिळाल्या तर घ्याव्यात. पण जुन्या बाजारात मिळणाऱ्या प्रती घेताना वेष्टनापेक्षा चौथी बाजू उजेडात धरून पाहावी, कारण ‘स्पेस ट्रकिन’च्या हळुवार भागात एकेक ओरखडा ऐकू येतो. १९९८ ची पंचविसाव्या वर्षानिमित्तची दोन सीडींची आवृत्ती माझ्या मते सुरुवातीसाठी सर्वांत सोयीची आहे. पहिल्या सीडीवर मूळ सात गाणी, दुसऱ्यावर ‘ब्लॅक नाइट’, ‘स्पीड किंग’ आणि ‘लूसिल’ ही मूळ अल्बममधून वगळलेली, कार्यक्रमाच्या शेवटी आग्रहाखातर वाजवलेली तीन गाणी. १९९३ मध्ये तीन सीडींवर तिन्ही कार्यक्रमांचा बराचसा भाग आला होता, आणि २०१४ च्या पेटीत ते तिन्ही नव्या मिश्रणासह संपूर्ण मिळाले. ही पेटी अभ्यासकासाठी आहे. एकच गाणे सलग तीन रात्री ऐकल्यावर कळते की एका रात्री जे सहज सुचल्यासारखे वाटले त्यातले काही दुसऱ्या रात्रीही तसेच आले आहे, आणि काही फक्त एकदाच घडले आहे. ग्लोव्हर आणि पेस यांनी निवड करताना बहुतेक ठिकाणी त्या एकदाच घडलेल्यावर बोट ठेवले, हेही तिथेच कळते.

२०२५ ची आवृत्ती स्टीव्हन विल्सन या इंग्रज संगीतकाराच्या नव्या मिश्रणाची आहे. जुन्या बँडच्या फितींवर नव्याने काम करण्यात त्याचा हात अनुभवी आहे. मला त्यात सर्वांत मोठा लाभ झाला तो ग्लोव्हरचा. मूळ मिश्रणात त्याचा बेस पायासारखा जमिनीखाली होता, तो आता दिसतो, आणि ‘चाइल्ड इन टाइम’च्या धावत्या भागात तो किती कमी स्वरांत किती भार पेलतो आहे हे लक्षात येते. गमावले काय, तर मूळ मिश्रणातला थोडासा खडबडीतपणा, ती धूळ, जिच्यामुळे सभागृहाच्या पाचव्या-सहाव्या रांगेत बसल्यासारखे वाटत असे. विल्सनने श्रोत्याला उचलून मंचावर नेले आहे. ज्याने हा अल्बम अनेकदा ऐकला आहे त्याला हे मिश्रण नक्की आवडेल. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र १९७२ चेच मिश्रण आधी ऐकावे, आणि शक्य झाल्यास पहिली बाजू पूर्ण, सलग, मध्ये न थांबता. ती एकोणीस मिनिटांची आहे. ‘चाइल्ड इन टाइम’ कोसळून संपते आणि त्या शांत सभागृहातून टाळ्या उठतात, तिथे सुई उचलावी आणि तबकडी उलटण्यापूर्वी थोडे थांबावे.